नानांना चारही घरं ओळखीची निघाली

विषय: सोलापूरहून सासू-सासरे येताहेत, हॅरी पॉटरच्या स्टुडिओला न्यावं का?
प्रेषक: हाउन्स्लोची सभासद (सध्या मुक्काम सोलापूर, अशोक चौक)

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत मुलाला घेऊन सोलापूरला आलेय. होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहायला लागलेत, त्यामुळे मुलगा खुशीत आहे. एक गोष्ट विचारायची होती.

सासू-सासरे एप्रिलमध्ये पहिल्यांदाच आमच्याकडे येताहेत, ईस्टरच्या सुट्टीत. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याचा एकच हट्ट, की हॅरी पॉटरचे चित्रपट जिथे बनले तो लंडनजवळचा स्टुडिओ आजी-आजोबांना दाखवायचा. दोघांनी यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही. मामंजी बहात्तर वर्षांचे आहेत. उभी हयात चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर गेली, इंग्रजी जेमतेम कळतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. तिकीट माणशी पन्नास पौंडांच्या वर आहे. तीन-चार तास ती दोघं तिथे करणार काय? नवऱ्याचं म्हणणं, त्यांना घरीच राहू द्यावं आणि आपण तिघांनी जाऊन यावं. मला ते पटत नाही, पण कंटाळतील ही भीतीही आहे.

कुणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर खरं काय ते कळवा.

---

प्रेषक: हॅरोची सभासद (सध्या मुक्काम सोलापूर, साखर पेठ)

वहिनी, नमस्कार.

तुमची मेल मी साखर पेठेत, नानांच्या म्हणजे वडिलांच्या घरी बसून वाचतेय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर इथेच आहे. अशोक चौक इथून कितीसा लांब! आपण हाउन्स्लो-हॅरोला राहून भेटलो नाही, आता इथे भेटू.

उत्तर आधी देते. न्या. दोघांनाही न्या. मामंजींना तर नक्कीच न्या. गेल्या वर्षी मी नाना आणि आईला नेलं होतं, तेव्हा माझ्याही मनात तुमच्यासारखेच विचार होते. दुपारी त्यांना कॅफेत बसवायचं आणि आपण मुलांबरोबर फिरायचं असं मी ठरवूनच गेले होते. झालं उलटंच. मुलं पुढे पळाली आणि मी नानांबरोबर मागे राहिले, कारण नाना हलेचनात.

नानांची माहिती थोडी द्यायला हवी. ते पस्तीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण शाळेचे गणवेश शिवून देशभर पाठवणारं गाव म्हणजेही सोलापूरच. फेब्रुवारी ते जून आमच्या घरात नाना फक्त झोपायला असायचे. टेबलावर कापडाचे थर लावायचे, वर खडूने आखायचं आणि मशीन फिरवायचं. एक रेघ चुकली तर सगळा थर वाया. तो हात त्यांचा होता.

स्टुडिओत आधी एका छोट्या सिनेमागृहात बसवतात. फिल्म संपते, पडदा वर जातो आणि मागे खरा दरवाजा दिसतो, ग्रेट हॉलचा, म्हणजे चित्रपटातल्या जादूच्या शाळेच्या मोठ्या दालनाचा. दार उघडलं की मुलं किंचाळतात. माझीही किंचाळली. नानांनी वर पाहिलं नाही, समोर पाहिलं नाही, ते खाली वाकले आणि बोटांनी फरशी चाचपली. "ही खरी हाय गं. रंगवलेली न्हाई." खरंच होतं ते. तिथे यॉर्कशायरचा खरा दगड बसवलेला आहे. पुढे कितीतरी वर्षं त्यावरून शेकडो लोक, कॅमेरे, गाड्या फिरणार, रंगवलेली जमीन तग धरणार नाही, हे पहिल्या चित्रपटाच्या वेळीच ओळखून त्यांनी तो घातला. एकशेवीस फूट लांब आणि चाळीस फूट रुंद दालन. शहाबादी फरशीवर आयुष्य काढलेल्या माणसाला दगड सांगावा लागत नाही.

मग नानांनी दोन्ही बाजूंचे पुतळे पाहिले. अंगावर शाळेचे गणवेश. नाना एकदम म्हणाले, "लाल, पिवळा, हिरवा, निळा. ही तर कॉन्व्हेंटची ऑर्डर!" मला क्षणभर काही कळेना. मग उजेड पडला. आपल्या इंग्रजी शाळांमध्ये चार हाउस असतात, त्यांचे हेच चार रंग, आणि दर जूनला नाना त्याच चार रंगांचे टी-शर्ट कापत आले होते. मी त्यांना त्या जादूच्या शाळेतली चार घरं, ग्रिफिंडोर, हफलपफ, स्लिदरिन आणि रेव्हनक्लॉ, समजावून सांगणार होते. गरजच पडली नाही. त्यांना चारही घरं ओळखीची निघाली.

त्या झग्यांसमोर आम्ही वीस मिनिटं तरी उभे होतो. झग्याच्या टोपीला आतून घराच्या रंगाचं अस्तर आहे. तिसऱ्या चित्रपटापासून जानी तेमीम या वेशभूषाकार आल्या, तेव्हापासूनचं ते. नानांनी अस्तर पाहिलं, खांद्याचा उतार पाहिला, बाहीचा घेर पाहिला. आणि विचारलं, "पोरं किती वर्षांची?" मी सांगितलं, शूटिंग २००० साली सुरू झालं आणि २०१० साली संपलं. अकरा वर्षांची होती ती वीस-एकवीसची होईस्तोवर चालू होतं. नाना किती तरी वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे दर वर्षी माप नवं. कितीबी माया सोडली तरी पुरायची न्हाई."

माया म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड, पोर वाढलं की उसवून सैल करायला. सोलापुरात प्रत्येक आईने दुकानात कधी ना कधी विचारलेलं असतं, "माया ठेवलीय ना?" इंग्लंडमधल्या त्या अंधाऱ्या दालनात तो शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा स्वतःचा गणवेश पाचवीपासून सातवीपर्यंत नानांनी तसाच चालवला होता.

पुढे मुलांची झोपायची खोली आहे. नाना दोरीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "पलंग आखूड हाय. पावणेसहा फूट." पलंग खरोखर पाच फूट नऊ इंचांचे निघाले. पहिल्या चित्रपटात पोरं लहान होती त्या बेताने केलेले, तेच शेवटपर्यंत वापरले. पुढे पुढे त्या मुलांना पाय दुमडून झोपावं लागायचं.

आता मामंजींसाठी एक गोष्ट. ग्रिफिंडोरच्या बैठकीच्या खोलीत भिंतींवर लाल रंगाचे मोठे पट लावलेत. बाई, एकशिंगी घोडा, सिंह, झाडं, फुलं. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात सन १५००च्या सुमाराचे सहा विणलेले पट आहेत, त्यांच्यावरून केलेले. नानांना प्रश्न पडला, हे विणलेत की छापलेत? दोरीच्या अलीकडून त्यांना ठरवता येईना. शेजारच्या मुलांना तलवारी, जादूच्या छड्या दिसत होत्या आणि नाना मान वाकडी करून कापडाची कड बघत होते. परतल्यावरही चार दिवस तेच. "विणकर बरोबर हवा होता," म्हणाले. आमच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांनी हातमागावर विणलेले चित्रांचे पट नानांनी लहानपणापासून पाहिलेत. तुमच्या मामंजींनी जॅकार्डवर आयुष्य काढलंय. त्यांना तिथे कंटाळा येईल असं मला वाटत नाही.

काही गोष्टी भरभर सांगते. शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर यांच्या खोलीतली जाडजूड पुस्तकं म्हणजे चामडं चढवलेल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. हे कळल्यावर आई मनापासून खूश झाली, कारण आमच्याकडे अशी डिरेक्टरी वर्षानुवर्षं पाटाखाली ठेवायच्या कामी यायची. हॅरीच्या मित्राच्या घरी, वीझलींच्या स्वयंपाकघरात हात हलवला की सुया आपोआप विणतात आणि सुरी आपोआप चिरते. आईने तीनदा हात हलवला. औषधांच्या तासाची खोली बरण्यांनी भरलीय. बँकेचं दालन भव्य आहे, पण तिथे एक ड्रॅगन येतो, मोठा आवाज होतो, सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

आईची जागा मात्र वेगळीच ठरली. जादूच्या शाळेची गाडी जिथून सुटते तो फलाट पावणेदहा तिथे २०१५पासून आहे आणि त्यावर ते लाल वाफेचं इंजिन उभं आहे. खरं इंजिन, १९३७ साली बांधलेलं. आईचं माहेर बार्शी. इंजिन पाहिल्याबरोबर ती म्हणाली, "आमची बार्शी लाईट यापेक्षा बुटकी होती." मग डब्यातून चालताना कुर्डुवाडीला गाडी बदलताना आजोबा काय काय खायला घ्यायचे ते तिने माझ्या मुलीला सांगितलं. माझ्या मुलीला बार्शी लाईट नावाची गाडी होती हेच माहीत नव्हतं. मीही तिला कधी सांगितलं नव्हतं.

मध्ये मोकळी जागा आहे, तिथे बाकांवर बसून आम्ही धपाटे आणि शेंगाचटणी खाल्ली. बटरबिअर मुलांनी घेतली. तिच्यात दारू नसते, नानांना तसं सांगितलं तेव्हाच त्यांनी घोट घेतला. गोड लागली, पुन्हा मागितली नाही.

शेवटाकडे त्या शाळेच्या किल्ल्याची प्रतिकृती आहे. प्रत्यक्षाच्या चोविसाव्या हिश्श्याची, तरीही एक मोठी खोली व्यापून राहिलेली. खिडक्यांमधून प्रकाशतंतूंचे अडीच हजारांवर दिवे लुकलुकतात, खोलीत दिवस मावळतो आणि पुन्हा उजाडतो. आई तिथे बाकावर बसली आणि उठायला तयार नव्हती. सासूबाईंच्या गुडघ्यांना तिथे विसावा मिळेल.

त्यानंतरची खोली मात्र चुकवू नका. दुकान जवळ आलं म्हणून लोक तिथून झपाझप निघून जातात. भिंतभर छड्यांची खोकी रचलेली आहेत, चार हजारांच्या आसपास, आणि प्रत्येकावर एक नाव. मला वाटलं जादूगारांची नावं असतील. तिथल्या मुलीने सांगितलं, हे चित्रपट ज्यांनी ज्यांनी केले त्या सगळ्यांची. नटांची, दिग्दर्शकांची, सुतारांची, रंगाऱ्यांची.

नाना म्हणाले, "विचार, शिवणाऱ्यांची बी हायती काय?"

मी विचारलं. आहेत.

नानांनी मला नावं वाचायला लावली. त्यांना इंग्रजी अक्षरं लागतात, पण असली नावं जमत नाहीत. मी वाचत गेले आणि ते प्रत्येक नावाला मान हलवत गेले. चाळीस-पन्नास नावं झाल्यावर मला पुढे वाचता येईना. ज्या माणसाने लाखो पोरांच्या अंगावरचे कपडे कापले त्याचं नाव एकाही शर्टावर नाही. नानांनी याची तक्रार कधीच केली नाही, तिथेही नाही.

सोलापूरला परत आल्यावर त्यांनी माळ्यावरून कारखान्याची जुनी हजेरीची मस्टरं काढली. मालकांनी कारखाना बंद करताना ती रद्दीत टाकली होती, नानांनी घरी आणली होती. आता रोज दुपारी बसतात आणि एका वहीत नावं लिहितात. कटिंगवाले, शिलाईवाले, काज-बटण करणाऱ्या बाया, इस्त्रीवाले. मस्टरमध्ये बऱ्याच जणींचं नुसतं एकच नाव आहे, आडनाव नाही. ते आठवायला ते कुणाकुणाला फोन करत असतात. आत्ता मी हे लिहितेय तेव्हाही खाली तेच चाललंय.

---

प्रेषक: वॉटफर्डचे जुने सभासद

दोघी ताईंना नमस्कार. वाचून फार बरं वाटलं. मी स्टुडिओपासून जवळच राहतो, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी.

तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, दारात मिळत नाही. ईस्टरच्या सुट्टीतलं हवं असेल तर सोलापुरात बसूनच आजच काढा, थांबू नका. सकाळची वेळ घ्या, म्हणजे वडीलधाऱ्यांना दमायच्या आत निम्मं बघून होतं. लंडनहून यायचं तर यूस्टनहून वॉटफर्ड जंक्शनची जलद गाडी, वीसेक मिनिटं, आणि स्टेशनबाहेरून स्टुडिओची बस. सासूबाईंसाठी चाकाच्या खुर्चीची आधीच चौकशी करा. सगळं एका मजल्यासारखंच सपाट आहे, फक्त डायगन ॲलीत, म्हणजे जादूगारांच्या दुकानांच्या गल्लीत, दगडी फरसबंदी असल्याने तिथे खुर्ची हिसके खाते, पायही जपून टाकावा लागतो.

आता माझ्या आवडीचं. हा स्टुडिओ म्हणजे मुळात विमानांचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात इथेच, लीव्हस्डनला, मॉस्किटो विमानं बांधली, आणि मॉस्किटो हे लाकडाचं विमान होतं! धातूची टंचाई, म्हणून फर्निचर करणारे सुतार कामाला लावले. पुढे तिथे रोल्स-रॉइसची इंजिनं झाली, आणि नव्वदच्या दशकात कारखाना बंद पडला. रिकाम्या, उंच छताच्या शेड होत्या म्हणून चित्रपटवाले आले. २०१२ साली तो लोकांना बघायला खुला झाला. मी मूळचा सोलापूरचाच, लहानपणी जुन्या गिरणीची चिमणी रोज दिसायची. लीव्हस्डनच्या शेडमध्ये पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला चित्रपट नाही, गिरणी आठवली. वडील तिथे होते. कारखाना बंद पडल्यावर त्या जागेत पुन्हा सुतार, शिंपी, रंगारी कामाला आले, ही गोष्ट मला त्या किल्ल्याहून मोठी वाटते.

---

प्रेषक: लेस्टरची सभासद

माझं मत वेगळं आहे, तेही लिहिते. आमच्या आई-बाबांना आम्ही ऑगस्टमध्ये नेलं. गर्दी प्रचंड होती. बाबांना ऐकू कमी येतं, माहिती सगळी इंग्रजीत, आणि आम्ही मुलांमागे धावत होतो. बाबा शेवटी म्हणाले, "मला एखाद्या बागेत बसवलं असतं तरी चाललं असतं." पाच जणांचे मिळून अडीचशे पौंडांच्या वर गेले. पैशांचं मला इतकं वाटलं नाही, जितकं बाबांच्या त्या वाक्याचं वाटलं. न्यायचं असेल तर कुणीतरी एक जण पूर्ण वेळ त्यांच्याजवळ थांबेल हे आधी ठरवा. आम्ही ते केलं नाही.

---

प्रेषक: हॅरोची सभासद

लेस्टरच्या ताई, तुमचं अगदी बरोबर आहे. नाना फरशीपाशी वाकले तेव्हा मी शेजारी होते म्हणून मला ते दिसलं. मी मुलांमागे गेले असते तर नाना माझ्याही लेखी कंटाळलेलेच ठरले असते. वहिनी, एक माणूस मामंजींसाठी राखून ठेवा. आणि घाईने भाषांतर करून सांगत बसू नका. त्यांना आधी बघू द्या, ते काय विचारतात ते ऐका.

---

प्रेषक: हाउन्स्लोची सभासद (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच तिकिटं काढली, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली, सकाळी दहाची. मुलाबरोबर नवरा राहील, मी मामंजी आणि सासूबाईंबरोबर.

काल संध्याकाळी साखर पेठेत जाऊन आलो. मामंजी आधी तयार नव्हते. "अनोळखी माणसाकडं कशाला," म्हणत होते. गेल्यावर दहाच मिनिटांत दोघं सूत, ताणा, बाणा यांत शिरले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात. ताईंच्या आईने हुग्गी केली होती.

नानांनी कागदावर ते लाल पट काढून दाखवले. कुठे बाई, कुठे सिंह, कड कशी होती. मामंजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, विणलेलं असेल तर मागच्या बाजूला सुटे धागे दिसतील, समोरून बघायचंच असेल तर तिरक्या उजेडात फुलाच्या कडेला पायऱ्या दिसतात, छापलेल्यात त्या दिसत नाहीत. नाना म्हणाले, "मग तुमीच बघून सांगा." तेव्हा मामंजींना एप्रिलमध्ये हे काम आहे. आज सकाळी त्यांनी मला मोबाइलवर क्लूनीच्या त्या पटांचे फोटो काढायला लावले आणि भिंग घेऊन बसलेत.

निघताना नानांनी वही काढली. काज-बटण करणाऱ्या एका बाईंचं आडनाव त्यांना महिनाभर सापडत नव्हतं. नाव आणि त्या कुठल्या बोळातून यायच्या एवढंच आठवत होतं. सासूबाईंनी तो बोळ ऐकला आणि विचारलं, "त्यांचा मुलगा पुढं रिक्षा चालवायचा काय?" नाना हो म्हणाले. त्या बाई सासूबाईंच्या माहेरच्या शेजारीण होत्या. सासूबाईंनी आडनाव सांगितलं, नानांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "ऱ्हस्व की दीर्घ?"